चाळीस जोड बूट

रविवार, रात्री पावणेअकरा

आज सकाळचा प्रकार लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही.

सात वाजता ग्राउंडवर पोचलो तेव्हा एवढं दव पडलं होतं की काल मारलेल्या चुन्याच्या रेषा ओल्या होऊन पसरल्या होत्या. धाकट्याला खेळायला आणायला लागलो त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी कोन लावणं, बॉलमध्ये हवा भरणं, गोलपोस्टच्या मागे उभं राहून बाहेर गेलेले बॉल परत फेकणं ही कामं माझ्याकडे आली आहेत आणि ती मला मनापासून आवडतात. आज मात्र कोन लावायला जागाच नव्हती. मधोमध मांडव, खुर्च्यांना पांढरी कव्हरं, मागे मोठा फलक. फलकावर आयोजकांचे चेहरे मोठे आणि फुटबॉल लहान. टेबलावर ४० जोड बुटांचे खोके रचून ठेवलेले.

पाहुणा म्हणून एक गोलकीपर येणार होता. मूळचा कोल्हापूरकडचा, देशातल्या मोठ्या लीगमध्ये खेळलेला. पोरं रात्रभर झोपली नसावीत. आमचा गोली तर सहालाच येऊन बसला होता. गोली म्हणजे आमच्या नागपुरातल्या पाचपावलीच्या पलीकडच्या वस्तीतला बारा वर्षांचा पोरगा. वडील हमालीला जातात. फाटक्या कॅनव्हासच्या बुटात तो अशा उड्या मारतो की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा.

भाषणं झाली. मग बुटांचं वाटप. दोन पोरांना पुढे बसवलं, त्यात गोली होता. फोटोग्राफरने पाहुण्याला तीनदा गुडघ्यावर बसवलं. "सर, लेस बांधता बांधता इकडे बघा." पहिल्यांदा आयोजक मध्ये आले, दुसऱ्यांदा पोराच्या तोंडावर ऊन आलं, तिसऱ्यांदा जमलं. तीनदा तीच लेस सोडली आणि तीनदा बांधली. माझं डोकं सणकलं. पोराचा पाय म्हणजे काय दुकानातला नमुना आहे? त्या माणसाबद्दल त्याच क्षणी माझं मत झालं आणि मी तिथून निघून गोलपोस्टच्या मागे गेलो.

नाश्ता सुरू झाला तशी सगळी गर्दी, कॅमेऱ्यासकट, मांडवाकडे सरकली. मी जाळीची सुटलेली गाठ मारत होतो. बघतो तर पाहुणा एकटाच गोलपोस्टकडे चालत येतोय. तिथे गोली नवे बूट घालून उगाच उड्या मारून पाहत होता. माझ्याकडे पाहुण्याचं लक्षही नव्हतं. तो परत खाली बसला. गोलीचा पाय मांडीवर घेतला आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. थोडा सरकवून पुन्हा दाबला.

"मोठा हाय रं तुला. आत पाय पळतोय. असा घालून उडी मारलीस तर घोटा जाईल."

मग टाच दाबून पाहिली. कुठे दुखतंय, अंगठ्याचं नख काळं का पडलंय, सगळं विचारलं. त्यानंतर पाऊण मिनिटाचा फोटो नाही, चांगली वीस मिनिटांची तालीम झाली. उंच बॉल धरताना दोन्ही अंगठे जवळ आणायचे. पडताना आधी कोपर टेकवायचं नाही, कुशीवर घसरत जायचं. स्वतःचं डाव्या हाताचं वाकडं बोट त्याने गोलीच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हे अंगठे लांब ठेवल्याचं फळ." गोलीने ते बोट असं धरून पाहिलं जसं काही देवळातली वस्तू हातात आलीय. पांढऱ्या कुर्त्यावर चुना आणि दव लागून चिखल झाला होता. कुणीतरी हाका मारत आलं, "सर, गाडी थांबली आहे," तेव्हा कुठे तो उठला.

मी जाळीची गाठ कितीतरी वेळ तशीच धरून उभा होतो.

गाडी गेली आणि अर्ध्या तासात आयोजकांची दोन पोरं पोतं घेऊन आली. "बूट जमा करा. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ग्राउंडवर कार्यक्रम आहे. तुमचे साइज लिहून घेतो, बरोबर साइजचे मिळतील." ४० जोड मोजून पोत्यात गेले. पोरांनी मुकाट्याने दिले. वाद घालायचा असतो हे त्यांना माहीतच नाही. वाद मी घातला, पोरांना शिकवणाऱ्या सरांनी घातला. उपयोग झाला नाही. गोलीने बूट काढले, आतला कागदाचा बोळा शोधून परत आत कोंबला, आणि खोका नीट बंद करून दिला. ते मला बघवलं नाही.

सोमवार

परवाच तर्री पोह्याच्या ठेल्यावर माझा एक मित्र म्हणाला होता, "हे सगळं पीआर असते गा. त्याईनं त्यासाठी माणसं ठेवलेली असतात." काल संध्याकाळी फोनवर त्याला सगळं सांगितलं, तर म्हणतो, "पाय बाप्पा, मी काय सांगून राहिलो होतो."

त्याचं अर्धं खरं आहे हे मी नाकारत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूच्या ठरावीक करारनाम्यात कलमच आहे की आठवड्याला सहा तासांपर्यंत क्लब सांगेल त्या प्रसिद्धीच्या आणि समाजकार्याच्या कार्यक्रमांना हजर राहायचं. म्हणजे दवाखान्यात पोरांना भेटायला आलेला खेळाडू बऱ्याचदा कामावर आलेला असतो. पण कामावर आलेली नर्सही पोराच्या कपाळावर हात ठेवतेच की. पगार मिळतो म्हणून तो हात खोटा ठरतो का? मला नाही तसं वाटत.

मग खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे ओळखायचं कसं? लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरची गोष्ट मी धाकट्याला कितीदा सांगितली असेल. मार्च १९९७, आर्सेनलच्या हायबरी मैदानावर आर्सेनलविरुद्ध लिव्हरपूल. गोलकीपर डेव्हिड सीमनसमोर फाउलर पडला, रेफरीने पेनल्टी दिली, आणि हा उठून हात हलवत सांगू लागला की मला धक्का लागलाच नाही, पेनल्टी नको. रेफरीने ऐकलं नाही. फाउलरने मारलेला बॉल सीमनने अडवला, पण परत आलेल्या बॉलवर लिव्हरपूलच्याच मॅकअटियरने गोल केला. त्या प्रामाणिकपणासाठी फाउलरला यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, फेअर प्लेचा सन्मान दिला. त्याच्या चारच दिवस आधी त्याच फाउलरने गोल केल्यावर जर्सी वर करून आतला टी-शर्ट दाखवला होता. लिव्हरपूलच्या गोदीतल्या, कामावरून काढलेल्या सुमारे ५०० कामगारांना पाठिंबा देणारा. त्याबद्दल यूएफाने त्याला २,००० स्विस फ्रँकचा दंड केला.

एकच माणूस, एकच आठवडा. पेनल्टी नको म्हणाला तेव्हा शाबासकी, कामगारांची बाजू घेतली तेव्हा दंड. हे आठवलं की मी नेहमी अस्वस्थ होतो. ज्याने कुणाचंच काही बिघडत नाही, तो चांगुलपणा सगळ्यांना हवा असतो. इंग्लंडचा खेळाडू मार्कस रॅशफोर्डने जून २०२० मध्ये तिथल्या खासदारांना उघड पत्र लिहिलं की सुट्टीतही गरीब पोरांच्या जेवणाची कूपनं चालू ठेवा. दुसऱ्याच दिवशी सरकारला निर्णय फिरवावा लागला आणि सुमारे १३ लाख पोरांचा प्रश्न सुटला. तेव्हाही लोक म्हणाले, प्रतिमा बनवतोय. पण लहानपणी तो स्वतः शाळेतलं फुकट जेवण जेवलेला. भूक त्याला कुणी कागदावर लिहून दिलेली नव्हती.

आर्सेनलकडून खेळणाऱ्या ओझिलचं मात्र मला आजवर नक्की ठरवता आलेलं नाही. २०२० मध्ये आर्सेनलने ५५ जणांच्या नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. त्याआधी खेळाडूंनी पगारकपात स्वीकारली होती, ओझिलने नाकारली होती. ऑक्टोबरमध्ये क्लबने २७ वर्षं गनरसॉरस या डायनासोरच्या वेशात मुलांना हसवणाऱ्या माणसालाही कमी करायचं ठरवलं, तेव्हा ओझिलने जाहीर केलं की मी आर्सेनलमध्ये असेपर्यंत त्याचा पूर्ण पगार मी देईन. तेव्हा क्लब त्याला खेळवत नव्हता. त्यामुळे हा क्लबला मारलेला टोला होता की त्या माणसाची खरीच कणव? मला वाटतं दोन्ही होतं. आपण तरी किती गोष्टी एकाच कारणाने करतो?

जर्मेन डिफोचं तसं नाही. तो सण्डरलँड क्लबकडून खेळायचा तेव्हा त्याच क्लबचा चाहता असलेल्या ब्रॅडली लाउरी या कॅन्सर झालेल्या चिमुकल्याशी त्याची गट्टी जमली. कॅमेरे तिथेही होते, लंडनच्या वेम्बली मैदानावर तर सगळं जग बघत होतं. पण जुलै २०१७ मध्ये डिफो सण्डरलँड सोडून बोर्नमथ क्लबला गेलेला होता. तिथल्या पत्रकार परिषदेत ब्रॅडलीचं नाव निघालं आणि त्याला बोलताच येईना. दुसऱ्या दिवशी, ७ जुलैला, पोरगं गेलं. सहा वर्षांचं होतं. आता कुणी म्हणो, कॅमेऱ्यासमोर रडला. रडू येईल तिथे माणूस रडतो.

आणि आपल्याच गावात? विजय बारसे सरांनी भर पावसात पोरांना तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिलं आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. त्याच कामाला २०१६ मध्ये फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. मधली पंधरा वर्षं त्यांच्याबरोबर रोज ग्राउंडवर कोण होतं? पोरं होती, चिखल होता. त्या पंधरा वर्षांचं मला फार अप्रूप वाटतं.

गुरुवार, रात्री

धाकट्याने पाहुण्याची पोस्ट दाखवली. तो लेस बांधतोय तो फोटो, तिसरावाला. खाली लिहिलंय, नागपूरच्या ४० गुणी मुलांना बूट देता आले, समाधान वाटलं. हजारोंनी हृदयं टाकली आहेत.

म्हणजे त्याला माहीतच नाही.

इतके दिवस मी ज्याला नाटक समजत होतो ते नेमकं उलटं निघालं. माणूस खरा आणि फोटो खोटा. आणि तो खोटेपणा त्याचा नाही, तरी त्याच्या नावावर जमा झालाय. उद्या आमच्या ग्राउंडवरचं कुणी त्या पोस्टखाली चार शिव्या घालेल आणि त्या त्यालाच लागतील. ज्याने अंगठ्याने बूट दाबून पाहिला त्याला!

तासभर विचार केला. सांगावं की नाही? सांगितलं तर आयोजक आमच्या ग्राउंडची परवानगी अडवतील अशी सरांना भीती आहे आणि ती खोटी नाही. नाही सांगितलं तर तो पुढच्या ग्राउंडवर परत तीनदा गुडघ्यावर बसेल आणि तेच बूट वाटेल. शेवटी सरांना विचारून, कुणाचं नाव न घेता, त्याला चार ओळी पाठवल्या. "आमच्या ग्राउंडवर दिलेले बूट त्याच दिवशी परत नेले. तुम्हाला ठाऊक नसेल असं वाटलं म्हणून लिहितो. तुम्ही गोलीला जे शिकवलंत ते त्याच्याकडेच आहे."

अजून वाचल्याची खूण दिसत नाही. रोज शेकडो संदेश येत असतील त्याला.

रविवार, दुपारी

आजही खूण नाही. आयोजकांकडूनही काही आलं नाही. दोनदा फोन केला, वाजून वाजून बंद झाला.

पण ग्राउंडवर एक गोष्ट पाहिली. गोली जुन्याच बुटात होता. उजवीकडे एक खालचा फटका आला आणि तो कुशीवर घसरत गेला. कोपर वर. सरांनी शिट्टी तोंडाशी नेली होती, ती तशीच राहिली.

आम्ही सहा पालकांनी मिळून पैसे काढले. ४० जणांना पुरणार नाहीत, पण ज्यांचे बूट अगदी गेलेत अशा तिघांचं भागेल. गोलीला घेऊन सीताबर्डीला गेलो. स्कूटरवर मागे बसून तो पूर्ण रस्ताभर गप्प होता. मला वाटलं, बुटांचं नाव काढलं की त्याला ते पोतंच आठवत असणार.

दुकानदाराने खोका उघडला. काळे बूट, हिरव्या लेस. गोलीचे डोळे चमकले, पण त्याने घाई केली नाही. पाय घातला, लेस आवळली, उभा राहिला, दोनदा टाच आपटली. मग खाली बसून स्वतःच बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. थोडा सरकवून पुन्हा दाबला.

"काका, हा मोठा होते मले," तो म्हणाला. "एक नंबर कमी दाखवाले सांगा ना."