चौथा नियम

मे महिन्यात अकोल्याला होते. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला, दादाकडे, आणि मी इकडे घरी, कारण शेरूला, म्हणजे त्यांच्या कुत्र्याला, सोडून बाबा जायलाच तयार नव्हते, शेवटी मी पुण्याहून रजा टाकून आले तेव्हा कुठे गाडीत बसले. आता अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी बारा ते पाच माणसाने करायचं काय, कूलरसमोर पडायचं आणि काहीतरी बघायचं, तर मी 'फिंच' परत लावला. टॉम हँक्सचा सिनेमा, २०२१ च्या नोव्हेंबरात ॲपल टीव्हीवर आलेला. तेव्हा बघितला होता आणि ठीक वाटला होता, म्हणजे क्यूट रोबो, क्यूट कुत्रा, चला पुढे. ह्यावेळी मात्र पार वाट लागली माझी. (पुढे स्पॉयलर आहेत, शेवटासकट, आधीच सांगते.)

गोष्ट एवढीशीच आहे. जगबुडी होऊन गेलीय, पण पाण्याने नाही, उन्हाने. सूर्यावरून भयंकर मोठा सोलर फ्लेअर आला, ओझोनची चाळणी झाली, इलेक्ट्रॉनिक्स बंद पडलं, पिकं गेली आणि मग उरलेली माणसं एकमेकांच्या जीवावर उठली. उन्हात उभं राहिलं तर कातडी भाजते, त्यामुळे फिंच अंतराळवीरासारखा सूट घालून बाहेर पडतो (आमच्याकडे दुपट्टा, गॉगल आणि खिशात कांदा, तत्त्व तेच). सौरवादळ ही तशी अगदीच हवेतली कल्पना नाही, १८५९ साली आलं होतं तेव्हा टेलिग्राफच्या यंत्रांमधून ठिणग्या उडाल्या होत्या आणि मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊएक तास गेली होती. ओझोनचं एवढं भरीत होण्याचा भाग मात्र सिनेमाचा, तो सोडून द्यायचा.

तर हा फिंच अमेरिकेतल्या सेंट लुईसमधला रोबोटिक्सवाला इंजिनियर, एकटा, सोबत गुडइयर नावाचा कुत्रा आणि ड्युई नावाचा एक छोटा कामसू रोबो. फिंचला खोकताना रक्त पडतंय, रेडिएशनने आतून संपत चाललाय, आणि त्याला ते माहितीये. म्हणून तो एक मोठा रोबो बनवतोय, दोन पायांवर चालणारा, बोलणारा. का? स्वतःची सेवा करायला नाही. आपल्यानंतर कुत्र्याकडे बघायला कोणीतरी पाहिजे म्हणून.

एवढंच कारण! अख्खं जग संपलंय आणि ह्या माणसाची चिंता काय तर माझ्यानंतर याला जेवायला कोण देईल.

रोबोला तो चार नियम घालून देतो. माणसाला इजा करायची नाही वगैरे पहिले तीन आपल्या ओळखीचे, विज्ञानकथा लिहिणाऱ्या असिमोव्हने १९४२ मध्ये रोबोंसाठी मांडलेल्या नियमांच्या घराण्यातले. चौथा फिंचचा स्वतःचा, की मी नसताना कुत्र्याची काळजी घ्यायची आणि हा नियम बाकीच्या सगळ्या नियमांच्या वर. म्हणजे माणसाच्याही वर! पहिल्यांदा बघताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ह्यावेळी मी पॉज केलं आणि उठून बाबांची डायरी आणली.

तर डायरीचं असंय. जायच्या आदल्या रात्री बाबांनी २०१९ च्या एका जुन्या डायरीत मला सूचना लिहून दिल्या होत्या, साडेतीन पानं, एका डोळ्याला धड दिसत नसताना. पोळी दुधात भिजवून द्यायची पण साखर नाही. गडगडलं की तो पलंगाखाली जाईल, जाऊ द्यायचं, ओढायचं नाही. संध्याकाळी पोस्टाच्या गल्लीने न्यायचं नाही तिथे दुसरे कुत्रे आहेत. आणि शेवटी दोनदा अंडरलाईन करून, रागावला तर तू रागावू नको. गॅसचा नंबर, लाईट बिल, किल्ल्या ह्यातलं एक अक्षर नाही.

फिंचही तेच करतो ना, पुस्तकंच्या पुस्तकं स्कॅन करून रोबोच्या डोक्यात भरत बसतो. पण मोठं वादळ येतंय, चाळीस दिवस चालणारं, त्यामुळे ७२ टक्के डेटा भरून झाल्यावरच थांबावं लागतं आणि जुन्या मोटरहोममध्ये सगळ्यांना कोंबून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघतात, रस्त्याने तीन हजार किलोमीटरच्या वर. रोबो पोरासारखा आहे, उत्साही आणि धांदरट. स्वतःचं नाव ठेवायला सांगतात तर ह्याला विल्यम शेक्सपिअर पाहिजे असतं, शेवटी जेफवर गाडी येते. सुरुवातीला त्याचा आवाज मशीनसारखा सपाट असतो आणि हळूहळू त्यात माणूस उतरत जातो, केलेब लँड्री जोन्सने ते काम काय केलंय, चेहरा एकदाही दिसत नाही तरी. डायरेक्टर मिगेल सापोचनिक, म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतल्या हजार माणसांच्या लढाया शूट करणारा माणूस, आणि इथे पडद्यावर जवळजवळ सगळा वेळ एकच माणूस!

सगळंच भारी आहे असं नाही. मागे लागलेल्या गाडीचा प्रसंग ताणून ताणून कुठेच जात नाही. आणि ड्युईचं जे होतं ते मला पटलं नाही, रडवायला मुद्दाम केल्यासारखं वाटलं (रडले, ते सोडा).

पण गुडइयरचं जे होतं ना, ते खरं. तो जेफला जवळच येऊ देत नाही. जेफला कुत्र्यांबद्दल सगळी माहिती आहे, नियम आहे, हेतू चांगला आहे, आणि कुत्रा आपला लांब बसून बघतोय. शेरू अगदी तसाच. पहिले दोन दिवस ताटलीतलं मी आत गेल्याशिवाय खाल्लंच नाही त्याने. फाटकाकडे तोंड करून बसायचा. डायरीतलं अक्षर न् अक्षर पाळत होते मी पण त्याला काय त्याचं, त्याच्या लेखी मी दिवाळीला येणारी पाहुणी.

मधे एका रात्री फिंच जेफला सांगतो की गुडइयर त्याला कसा मिळाला. दुकानात अन्न शोधत असताना एक बाई आणि तिची छोटी मुलगी येतात, त्यांना कोणीतरी मारून टाकतं, आणि फिंच लपून बसलेला असतो, भीतीने बाहेर येतच नाही. मुलीच्या सॅकमध्ये पिल्लू असतं. मग कळतं चौथा नियम सगळ्यांच्या वर का आहे ते. नुसतं प्रेम नाहीये ते, देणं आहे.

आणि मग शेवटाकडे एक जागा लागते जिथे ऊन सोसण्यासारखं आहे. फिंच बाहेर बसतो आणि जेफला बॉल टाकायला शिकवतो. एवढंच, बॉल टाकायचा आणि तो परत आणतो का बघायचं. गुडइयर आणतो. त्यानंतर फिंच आत जाऊन झोपतो आणि उठत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलापर्यंत ते दोघंच पोचतात, रोबो आणि कुत्रा.

शेरूने बॉल वगैरे काही आणला नाही, तो तसला कुत्राच नाही. पाचव्या रात्री गडगडलं, वळवाचा पाऊस, लाईट गेले, तो पलंगाखाली गेला आणि मी खाली फरशीवर चादर टाकून झोपले. ओढलं नाही. सकाळी उठले तर माझ्या पायाला टेकून झोपलेला होता. बाबांना फोनवर सांगितलं तर एकदम गप्प, मग म्हणाले, बरं झालं. आवाज काही बरं झाल्यासारखा नव्हता.

आठव्या दिवशी बाबा परत आले, काळा गॉगल लावून. शेरूने जो धिंगाणा घातला तो घातला, माझ्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी मी म्हटलं बाबा एक पिक्चर आहे, इंग्रजी आहे पण मी सांगते मधे मधे, बघता का. बाबा म्हणाले कशाचाय. म्हटलं एक म्हातारा, एक रोबो आणि एक कुत्रा.

"कुत्र्याले काई होत नाही ना शेवटी?"

"नाही."

"अन् माणसाले?"

"माणूस जातो, बाबा."

बाबांनी शेरूला पायाशी सरकवून घेतलं. "ते ठीक हाय. लाव."