आमची वाटचाल : न मागितलेल्या सल्ल्याचे बिल

यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या छोट्या उद्योगाकडे मोठ्या ग्राहकांची कामे येऊ लागली, तेव्हा बाहेरच्या सल्लागारांची गरज प्रथमच भासली. एका दीर्घ मुदतीच्या पुरवठा कराराचा मसुदा तपासून घेण्यासाठी आम्ही एका सल्लागार संस्थेकडून कोटेशन मागवले, ठरावीक शुल्क लेखी मान्य केले आणि ते काम वेळेत झालेही. बिलात मात्र तीन बाबी निघाल्या : मसुद्याची तपासणी, व्यवसायाच्या पुनर्रचनेचा अहवाल आणि फोनवरील चर्चेचे ताशी शुल्क. शेवटच्या दोन बाबी आम्ही कधीच मागितल्या नव्हत्या आणि बिलाचा मोठा हिस्सा त्यांचाच होता.

संपूर्ण बिल परत पाठवावे, असे प्रथम वाटले. परंतु जे देणे खरोखर लागते तेही अडवून धरले तर वादात आपलीच बाजू लंगडी पडते, हे आमच्या हिशेबनीसांचे म्हणणे आम्हाला पटले. म्हणून तपासणीचे पैसे आम्ही लगेच दिले आणि ही रक्कम केवळ त्याच कामापोटी असून उरलेल्या दोन बाबी अमान्य आहेत, असे सोबतच्या पत्रात नमूद केले. तसे लिहिले नसते, तर तीच रक्कम संपूर्ण बिलाचा पहिला हप्ता म्हणून दाखवायला त्यांना वाव राहिला असता. पुढे त्यांच्याकडून खात्यातील शिलकीचे पुष्टीपत्र, म्हणजे त्यांच्या हिशेबानुसार आमच्याकडून येणे असलेली रक्कम सही करून मान्य करण्याचे पत्र, आले, तेही आम्ही सही न करता, फरकाचे कारण लिहून परत केले. अशा कागदावरची सही ही देणे कबूल केल्याचा पुरावा म्हणून पुढे केली जाऊ शकते.

अहवाल मिळूनही आम्ही हरकत घेतली नाही, म्हणजे आमची संमतीच होती, असा त्यांचा पहिला युक्तिवाद होता. याबाबत इंग्लंडमधील 1862 सालचा ‘फेल्टहाउस विरुद्ध बिंडली’ हा खटला प्रसिद्ध आहे. तुझ्याकडून काही कळले नाही तर घोडा माझा झाला असे समजेन, अशा आशयाचे पत्र काकाने पुतण्याला पाठवले होते. पुतण्याने उत्तर दिले नाही, आणि मनातून त्याची विकायची तयारी असूनही करार झालेला नाही, असे न्यायालयाने ठरवले. आमची तर मनातूनही तयारी नव्हती!

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार होता : करार नसला तरी कामाचा लाभ घेतला असेल, तर वाजवी मोबदला द्यावा लागतो. हे तत्त्व अनेक कायद्यांत मान्य असल्यामुळे आम्ही ते उडवून लावले नाही. उलट प्रत्येक तासाची तारीख, विषय आणि ते काम कोणाच्या सांगण्यावरून झाले, याचा तपशील मागितला. तो आमच्या ईमेलशी ताडून पाहिला, तेव्हा बहुतेक फोन त्यांनीच आपल्या आणखी सेवा सुचवण्यासाठी केलेले निघाले. मसुद्यातील शंकांविषयीचे मोजके फोन ठरावीक शुल्कातच धरले जातील, असे त्यांच्याच कोटेशनमध्ये लिहिलेले होते. अहवालातील एकही सूचना आम्ही अमलात आणली नव्हती, तेही लेखी कळवले. बिलाच्या तळाशी छापलेल्या विलंब-व्याजालाही आम्ही नकार दिला, कारण काम संपल्यानंतर प्रथमच दिसलेली अट आधीच्या कराराचा भाग होऊ शकत नाही.

अखेर त्यांनी दोन्ही बाबींची क्रेडिट नोट, म्हणजे ती रक्कम बिलातून वजा केल्याचे पत्र, दिली. चूक त्यांनी मान्य केली नाही. ‘व्यावसायिक सद्भावना’ असे कारण लिहिले. शब्दांवरून वाद घालण्यात आम्हाला रस नव्हता. क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा क्रमांक असावा आणि खात्यात शिल्लक शून्य दिसावी, एवढाच आग्रह आम्ही धरला व तो त्यांनी मानला. आता आमच्याकडून सल्लागारांना जाणाऱ्या प्रत्येक कार्यादेशात कामाची व्याप्ती आणि शुल्काची कमाल मर्यादा यांच्यासोबत वाढीव कामाला मंजुरी देणाऱ्या व्यक्तीचे नावही लिहिलेले असते.