क्रेटवर न टिकणाऱ्या पट्ट्या

गेल्या पावसाळ्यात भोसरीच्या आमच्या शेडमध्ये पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या क्रेटवर नावाच्या पट्ट्या लावल्या. संध्याकाळी झकास बसल्या होत्या, सकाळी निम्म्या फरशीवर! मी गोंदाला शिव्या घातल्या. दोष त्याचा एकट्याचा नव्हता.

पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा (म्हणजे पृष्ठभाग गोंदाला किती ओढून घेतो त्याचं माप) जेमतेम ३० डाइन प्रति सेंटिमीटर, एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची ४० च्या आसपास. या क्रेटवर पाण्याचा थेंब पसरत नाही, फुगून बसतो (अळूच्या पानाइतका नाही, पण जात तीच). गोंदही तसाच. पसरलाच नाही तर धरणार कशाला? साधा ॲक्रिलिक गोंद इथे हात टेकतो. रबर आणि राळेचा मऊ गोंद चटकन पकडतो, पण उन्हात तापला की हळूहळू सरकतो. आमचे क्रेट अंगणातच असतात, म्हणजे तोही बाद.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, ते पूर्ण उडाल्यावर निळी ज्योत झरकन फिरवली. त्याने पृष्ठभागावर ऑक्सिजन जोडला जातो आणि ऊर्जा वाढते. मग तोच ॲक्रिलिक, वरून रोलर दाबून. पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस लागतात. आमचे मामा मात्र दहाव्या मिनिटाला नखाने कोपरा उचलून बघतात.