तीर्थनच्या ट्राउटसाठी तारीख ठरवताना

लांबच्या सहलीला आपल्याकडे दोन हक्काच्या सुट्ट्या: मे महिना आणि दिवाळी. हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात गाइड घेऊन ट्राउट हा थंड पाण्यातला मासा गळाने धरायला जायचं असेल तर या दोन्ही अडचणीच्या ठरतात. मे सरकत जातो तसा वरचा बर्फ वितळून नदी फुगत जाते. दिवाळीसाठी पंचांगच उघडावं लागतं, कारण हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते. ब्राऊन ट्राउट याच थंडीत पात्रातल्या बारीक गोट्यांमध्ये अंडी घालतो. २०२६मध्ये अधिक महिन्यामुळे सण पुढे गेले आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं, म्हणजे बंदीत. दसरा २० ऑक्टोबरला, तो चालतो. म्हणून मी आधी नदीचं वेळापत्रक मांडलं आणि मग रजेचा अर्ज केला.

हे वेळापत्रक असं. मार्चमध्ये पाणी नितळ, पण बर्फासारखं गार. मासा डोहाच्या तळाशी सुस्त असतो, त्यामुळे पहाटे उठून उपयोग नाही. ऊन चढल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान तो हलतो. एप्रिल उत्तम. मेच्या उत्तरार्धात गणित उलटतं: दिवसभर वितळलेला बर्फ दुपारनंतर खाली पोचतो, पाणी चढतं आणि दुधी होतं, म्हणून पहाटेपासून अकरापर्यंतचीच वेळ खरी. जुलै-ऑगस्ट सोडूनच द्यावेत. नदी गढूळ असते आणि खोऱ्याकडे जाणाऱ्या मंडी ते औट रस्त्यावर दरडी कोसळतात. सप्टेंबरच्या शेवटापासून पाणी निवळतं, आणि ऑक्टोबर माझ्या मते वर्षातला सर्वांत चांगला महिना. विणीआधी मासा भरपूर खातो आणि पाणी कमी असल्यामुळे त्याच्या जागा डोळ्यांना दिसतात.

तारखा पक्क्या करण्याआधी गाइडला फोन करावा आणि नेमकं विचारावं. एका गाइडमागे किती रॉड? दोनपेक्षा जास्त असतील तर नवख्या माणसाकडे लक्ष राहत नाही. परवाना तो काढून देणार का, आणि त्याचे पैसे ठरलेल्या रकमेत धरले आहेत का? परवाना दिवसागणिक असतो. किती मासे आणि किती लांबीचे ठेवता येतात हे तो हातात घेतानाच विचारून घ्यावं. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नाही, म्हणून नदीचा टप्पा नक्की कुठला तेही विचारावं. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: गेल्या पावसाळ्यानंतर तुम्ही हा टप्पा स्वतः चालून पाहिला आहे का? पुरात डोह गोट्यांनी भरतात आणि धार दुसऱ्या काठाला सरकते. जुलै २०२३च्या पुराने कुल्लू जिल्ह्यातल्या नद्यांची पात्रं ठिकठिकाणी बदलली. जुन्या माहितीवर चालणारा गाइड तुम्हाला रिकाम्या पाण्यावर उभा करतो.

पोचायला चंदीगडहून मनालीच्या बसने औट. मंडीकडून येताना औटच्या बोगद्याआधीच लारजी-बंजारचा फाटा आहे. पुढे बंजारवरून तीर्थनकाठचं गुशैणी गाव. थकल्या अंगाने पहिल्याच दुपारी पाण्यात उतरू नये.

सामान गाइडकडे असतं, पण तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, मी स्वतःची नेतो. भाड्याच्या रिळावरची बहुधा जुनी, पीळ पडलेली असते आणि मासा लागला की गाठीशी तुटते. सहा-सात फुटी हलका स्पिनिंग रॉड, चार ते सहा पौंडी तंगूस, तीन ते सात ग्रॅमचे स्पिनर, म्हणजे ओढताना पातं फिरणारी धातूची आमिषं, आणि मध्ये छोटं स्विव्हल, म्हणजे फिरती कडी. ते नसेल तर फिरत्या स्पिनरने तासाभरात दोरीचा गुंता होतो. स्पिनर डझनभर तरी हवेत, कारण धोंड्यांत अडकून ते जाणारच. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. मासा इजा न होता सुटतो आणि आपल्या बोटात रुतला तरी सहज निघतो. फ्लाय, म्हणजे नकली किड्याने मासेमारी, येत असेल तर पाच नंबरचा रॉड आणि वजनदार निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखं आमिष. पायाला नमद्याच्या (फेल्टच्या) तळाचे बूट. रबरी तळ शेवाळावर घसरतो. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा विसरू नये.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून खालच्या अंगाने, वाकून जायचं. स्पिनर धारेच्या वर तिरका टाकायचा आणि पाण्याच्या वेगापेक्षा जरा जास्त वेगाने ओढायचा. कमी वेगाने ओढला तर तो फिरत नाही, तळाला बसतो. मोठ्या धोंड्यामागचं संथ पाणी आणि खळाळ संपून डोह सुरू होतो ती कड, या दोन जागा आधी पाहायच्या. एका जागी पाच-सहा फेका पुरेत. मग पुढे सरकावं.

सोडायचा मासा ओल्या हातानेच धरावा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर त्याला बुरशी लागते. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरावा आणि तो स्वतःच्या बळावर निघेपर्यंत सोडू नये.

पावसासाठी एक दिवस मोकळा ठेवावाच. तीर्थन गढूळ झाली तरी गुशैणीला तिला मिळणारी फलाचन कधी कधी स्वच्छ असते, हे गाइडला आठवण करून द्यावं. पाण्यात अचानक पानं-काटक्या वाहत यायला लागल्या किंवा रंग बदलला, तर डोक्यावर ऊन असलं तरी लगेच काठावर यावं. पाऊस वरच्या खोऱ्यात पडलेला असतो आणि लोंढा मिनिटांत पोचतो.