आवाजाच्या फुडे बघ: तारकर्लीच्या वाळूवरून हंगामाची नोंद

हिशेब आधी देतो. गेल्या ऑक्टोबरपासून मेपर्यंत किनाऱ्यावरून जाणाऱ्या नौदलाच्या विमानांच्या ३,८०० फ्रेम्स (म्हणजे फोटो), त्यातल्या ठेवल्या १४. भिंतीवर लावावी अशी एक, आणि तिच्यातही शेपटीकडचा भाग हललेला आहे. त्याआधीच्या हंगामात ठेवण्याजोगी एकही नव्हती, म्हणून याला प्रगती म्हणायचं धाडस करतोय.

हे वेड लागलं ४ डिसेंबर २०२३ ला. नौदल दिनाचं प्रात्यक्षिक आमच्या दारात, तारकर्लीला झालं. २० युद्धनौका, मिग-२९के आणि नौदलाच्या तेजस या लढाऊ जेटसह ४० विमानं-हेलिकॉप्टरं. मी मित्राची १००-४०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स मागून नेली होती. घरी येऊन फोटो उघडले तर मिग कुठलं आणि कावळा कुठला, सांगता येईना. चूक साधी होती. आपली किनारपट्टी पश्चिमेला तोंड करून बसलेली, कार्यक्रम संध्याकाळचा, सूर्य विमानांच्या मागे. कॅमेऱ्याने उजळ आकाश मोजलं आणि विमान काळं करून टाकलं. आता संध्याकाळी बाहेर पडलोच तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१.३ ते +१.७ आणि फाइल रॉ, म्हणजे नंतर उजळता येणारी कच्ची. पण खरा उपाय म्हणजे सकाळी आठ ते दहा. ऊन पाठीशी असतं, आणि वाळू तापून हवा थरथरायला लागलेली नसते. ती थरथर एकदा सुरू झाली की कितीही महागाची लेन्स असू दे, विमानाच्या कडा पाण्यात बघितल्यासारख्याच येतात.

दुसरा धडा मिळाला रापणीवरच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरच्या) एका काकांकडून. मी आवाज आला की कॅमेरा उचलायचो आणि रिकाम्या आकाशात फिरवत बसायचो. तीन-चार दिवस त्यांनी ही गंमत बघितली. मग म्हणाले, "झिला, आवाज येता थंय काय बघतंस? इमान कधीच गेला. आवाजाच्या फुडे बघ." त्यांचं गणित चोख आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. जेट तीन किलोमीटरवर असेल तर तो कानावर पडायला नऊ सेकंद लागतात. ताशी ८०० किलोमीटरने जाणारं विमान तेवढ्यात दोन किलोमीटर पुढे सरकलेलं असतं. आता आवाज येताच आधी नुसत्या डोळ्यांनी पुढची बाजू चाळतो, ठिपका सापडला की मगच कॅमेरा डोळ्याला. १४ पैकी ९ फ्रेम्स या एका वाक्याच्या आहेत.

ठिपका सापडल्यावरही ऑटोफोकस कोऱ्या निळ्या आकाशात पुढे-मागे भटकतो. त्यावर माझा देशी इलाज म्हणजे आल्या आल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर फोकस लावून ठेवतो. इतक्या लांबचं ते, विमानालाही जवळपास तेच चालतं. कॅमेऱ्याला थोडंसंच सावरावं लागतं. उभं राहताना पाय जिथे बटण दाबायचं त्या दिशेला आणि कंबर विमान येतंय तिकडे वळवलेली. उलटं केलंत तर ऐन वेळी अंग अडकतं. सराव म्हणून मालवणच्या धक्क्यावर घारी आणि सुरय (पाण्यात सूर मारणारा समुद्रपक्षी). घार संथ असते, पहिल्या महिन्यापुरती ठीक. सुरय मात्र खरा मास्तर, कधी सूर मारेल याचा नेम नाही.

शटरबद्दल थोडक्यात: जेटला १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. हेलिकॉप्टरला तसं करू नका, पाती गोठतात आणि विकत आणलेलं खेळणं टांगल्यासारखं दिसतं. १/१२५ च्या आसपास या. तटरक्षक दलाच्या डॉर्नियरला (पंख्याच्या छोट्या विमानाला) १/२५० पुरतं.

लेन्स मोठी घ्यावी का, असं दोघांनी विचारलंय. मिग-२९के साधारण १७ मीटर लांब. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमीने, बाजूने दिसणारं ते दोन किलोमीटरवर साडेआठशे पिक्सेल भरतं, चार किलोमीटरवर त्याच्या निम्मं. ६०० मिमी घेतली तर दीडपट. दोन जुळी शेपटं ओळखायला एवढं पुष्कळ झालं. त्या पैशात मी आधी पेट्रोल भरीन.

भिंतीवरची ती एक फ्रेम दमट हवेने दिली. विमान जोरात वळलं की पंखांवरचा दाब एकदम पडतो, हवा गार होते आणि बाष्पाचा पांढरा पदर धरतो. हा पदर कोरड्या मुलखातल्यांना सहज मिळत नाही, आमच्याकडे हवेतच पाणी.

तीच हवा लेन्स खाते. जूनमध्ये बॅग कपाटात ठेवली, ऑगस्टमध्ये काचेवर बुरशीची जाळी. साफ करून आणली, तर आता एका बाजूला फोकस किंचित ढिला. तांदळात ठेवायचा सल्ला ऐकू नका, पीठ आत जातं. झाकण घट्ट बसणारा डबा, सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवायचा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्यायचं. आईने तो तवा आता मलाच देऊन टाकलाय.

नव्या मंडळींना एक सांगतो, आणि यात मी हट्टी आहे. ही जेट गोव्यातल्या दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावरची, आमच्यापासून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. "मग तिथेच कुंपणाशी का जात नाहीस?" असं दर महिन्याला कुणीतरी विचारतं. नाही जात. तिथे फोटोला मनाई आहे, १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे, आणि धावपट्टीचा फोटो मला हवाही नाही. सार्वजनिक किनारा, वर आकाश, खाली समुद्र. फोटो त्याच दिवशी कुठे टाकायचा नाही, वेळ आणि दिशा लिहायची नाही. फ्लाइट ट्रॅकरवर (विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या अ‍ॅपवर) लढाऊ विमानं सहसा दिसतच नाहीत, तेव्हा माझं वेळापत्रक म्हणजे कान. कधी आठवड्यात दोनदा, कधी महिनाभर फक्त माशांच्या लिलावाची ओरड.

येत्या महिन्यात गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाणार आहे. २०१६ मध्ये निवृत्त झालेलं सी हॅरियर हे नौदलाचं लढाऊ विमान तिथे उघड्यावर उभं आहे. हवा आत ओढायची तोंडं, वळणाऱ्या नळ्या, पत्र्यांचे सांधे दहा फुटांवरून बघायचे आहेत. काय दिसायला हवं ते ठाऊक असलं तर चार किलोमीटरवरच्या ठिपक्यातही ते शोधता येतं. ढिल्या लेन्सचा निकाल मात्र त्याआधी लागायला हवा. दुकानदार गेले तीन आठवडे "सोमवारी या" म्हणतोय.