‘अ बकेट ऑफ ब्लड’चा सराव : मांजर पूर्ण झाले, लिओनार्ड निम्मा झाला

रॉजर कॉर्मन यांच्या ‘अ बकेट ऑफ ब्लड’ या १९५९ सालच्या चित्रपटातील तीन प्रसंग सराव म्हणून पुन्हा चित्रित करायचे आमच्या हौशी गटाने ठरवले आहे. भिंतीतल्या मांजराचा पहिला प्रसंग संकलनासह हातावेगळा झाला आहे, कॅफेमालक लिओनार्डचा दुसरा प्रसंग निम्मा झाला आहे आणि शेवटच्या दृश्याच्या फक्त रंगभूषेच्या चाचण्या सुरू आहेत. मांजराचे शिल्प कसे केले हे अनेकांना हवे होते, म्हणून ते तपशिलाने लिहितो. पण जास्त जागा लिओनार्डला देणार आहे, कारण माझ्या मते या चित्रपटाचा जीव त्याच्या प्रसंगात आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. ‘द यलो डोअर’ नावाच्या कॅफेत कवी, चित्रकार आणि त्यांच्याभोवती घोटाळणारे रसिक जमतात, आणि तिथे कपबशा उचलणारा वॉल्टर पेस्ली हा पोऱ्या त्यांच्याकडे भारावून पाहत असतो. मॅक्सवेल ब्रॉक हा दाढीवाला कवी सॅक्सोफोनच्या साथीने आपली कविता म्हणतो. कलावंताच्या हाती इतरांचे जगणे-मरणे हा निव्वळ कच्चा माल आहे, असा तिचा आशय. वॉल्टरला ती कविता तोंडपाठ होते. घरी आल्यावर तो कार्ला या मुलीचा चेहरा मातीत घडवायला बसतो, नाक काही केल्या जमत नाही, आणि तेवढ्यात घरमालकिणीचे मांजर भिंतीच्या पोकळीत अडकून ओरडू लागते. त्याला सोडवण्यासाठी वॉल्टर भिंतीत सुरी खुपसतो आणि मांजर मरते. घाबरलेला वॉल्टर त्यावर माती लिंपतो, सुरी तशीच रुतलेली ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ते ‘मेलेले मांजर’ या नावाने कॅफेत आणतो. मंडळी वाहवा करतात. पुढे मांजराच्या जागी माणसे येतात.

निर्मितीचा हिशोब आपल्यासारख्यांनी पाठ करून ठेवावा असा आहे. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीसाठी केलेला हा चित्रपट पन्नास हजार डॉलरमध्ये आणि पाच दिवसांच्या चित्रीकरणात उरकला. त्याची लांबी ६६ मिनिटे आहे. कंपनीच्या दुसऱ्या एका चित्रपटासाठी उभारलेले सेट शिल्लक होते, तेच इथे वापरले गेले. पटकथा चार्ल्स बी. ग्रिफिथ यांची, कॉर्मन आणि ग्रिफिथ यांनी लॉस एंजलिसमधल्या कॉफीहाऊसांतून हिंडत कथेची जुळवाजुळव केली. घरमालकिणीची भूमिका करणाऱ्या मर्टल वेल या ग्रिफिथ यांच्या आजी होत्या, म्हणजे घरचे माणूस कॅमेऱ्यासमोर उभे करण्याची पद्धत आपल्याच हौशी मंडळींची आहे असे नव्हे. फ्रेड कॅट्झ हे चिको हॅमिल्टन यांच्या जॅझ चमूतले चेलोवादक. त्यांनी या चित्रपटासाठी केलेले संगीत कॉर्मन यांनी पुढे इतर चित्रपटांतही पुन्हा वापरले. ज्या बीट पिढीची, म्हणजे रूढ चौकटी झुगारणाऱ्या अमेरिकन कवी-लेखकांची, ही थट्टा आहे ती त्या वेळी ऐन भरात होती. त्यांच्यातला ॲलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये भारतात आला, मुंबईतही राहिला आणि तिथल्या लिटल मॅगझीनवाल्या कवींशी त्याच्या गाठीभेटी झाल्या, त्यामुळे कॅफेतले ते वातावरण आपल्या वाचकांना अगदीच परके वाटू नये.

आता मांजराकडे वळतो.

आम्ही शाडू वापरली, कारण ती गणपतीच्या कारखान्यातून सहज मिळते आणि तिचा पोत कृष्णधवल चित्रणात फार चांगला येतो. आत जाड तारेचा सांगाडा केला, त्यावर वर्तमानपत्राचे बोळे दाबून सुतळी आवळली आणि त्यावर खेळण्यांसाठी मिळणारे करडे केसाळ कापड घट्ट शिवून घेतले. हे कापड बहुतेक ठिकाणी दिसणारच नाही, पण माती निघाली की खाली केस दिसले पाहिजेत, ही या शिल्पाची पहिली अट होती. मातीत काथ्याचे बारीक तुकडे मिसळले, थर बोटाच्या पेरापेक्षा पातळ ठेवला आणि कोरणीने केसांच्या रेघा न ओढता अंगठ्याने माती फक्त ओढत नेली, कारण वॉल्टरने केलेले काम घाबरलेल्या माणसाचे आहे, कसबी मूर्तिकाराचे नाही. पाठीवरचे अंगठ्याचे ठसे तसेच राहू दिले आहेत.

ओली माती वाळताना आकसते आणि आतला सांगाडा आकसत नाही. त्यामुळे वरचा थर ताणला जाऊन तडकतो. म्हणूनच शिल्पकार अशा सांगाड्यावरचे काम ओल्या फडक्याखाली जपतात आणि त्याचा प्लास्टरमध्ये साचा काढून घेतात. सांगाड्यावरची माती हे कामाचे अंतिम रूप नसते. आम्हाला मात्र तडे हवेच होते. मान आणि खांद्याच्या सांध्यावर थर मुद्दाम पातळ ठेवला, पंख्याचा वारा फक्त त्याच बाजूला लावला, आणि दुसऱ्या दिवशी तिथे केसाएवढी बारीक चीर धरली. लिओनार्डच्या प्रसंगात टवका उडायचा आहे तो याच जागेवरून.

प्रकाशाबाबत एक निरीक्षण. ओली शाडू पडद्यावर काळपट आणि चकचकीत दिसते, वाळलेली पांढुरकी आणि सपाट. त्यामुळे समोरून प्रकाश टाकला तर वाळलेल्या मांजराचा नुसता पांढरा डाग होतो. दिवा शिल्पाच्या उंचीलाच, अगदी बाजूला नेला, तेव्हा अंगठ्याचे ठसे आणि सुरीची मूठ उठून आली. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा न लावता काळा पुठ्ठा लावला, म्हणजे सावली भरून येत नाही. स्वस्तातल्या एलईडी दिव्यांनी चित्र फडफडू नये म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० असे ठेवले आहे, कारण आपली घरगुती वीज ५० हर्ट्झची आहे. ज्यांचे मोबाईल आपोआप ३० फ्रेमवर जातात त्यांनी हे आधी तपासून घ्यावे.

मूळ चित्रपटातली शिल्पे बारकाईने पाहिली तर ती साधीच आहेत. वॉल्टरची भूमिका अविस्मरणीय करणारे डिक मिलर यांनी पुढे मुलाखतीत खंत व्यक्त केली होती की कथा, अभिनय, विनोद सगळे जुळून आले होते, पण निर्मितीवर खर्च करायला पैसेच नव्हते आणि त्याचा फटका चित्रपटाला बसला. मिलर यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि शेवटच्या दृश्यापुरते त्यांचे म्हणणे मान्यही आहे. शिल्पांबाबत मात्र माझे मत वेगळे झाले आहे. शिल्प साधे असल्यामुळे कॅमेरा वारंवार त्यावरून निघून पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे जातो, आणि भीती तिथेच साठते: समोर प्रेत आहे आणि लोक त्यातल्या वास्तववादावर बोलत आहेत. खर्चिक, हुबेहूब प्रेत बनवले असते तर आपण प्रेताकडेच पाहत राहिलो असतो.

यावरूनच लिओनार्डचा प्रसंग कसा घ्यायचा हे ठरले. अँटनी कार्बोन यांनी केलेला हा कॅफेमालक वॉल्टरला सतत हिडीसफिडीस करत असतो. लिओनार्डचा धक्का लागून ‘मेलेले मांजर’ पडते, मातीचा टवका उडतो आणि आत खरी लव दिसते. त्याला सगळे कळते. तो पोलिसांना फोन करणार, तोच एक संग्राहक त्या शिल्पासाठी पाचशे डॉलर देऊ करतो, आणि लिओनार्डचा फोन तसाच राहतो. चित्रपट हे एकही उपदेशाचे वाक्य न घालता दाखवतो. पुढे वॉल्टर गुप्त पोलीस लू रेबीच्या प्रेतावर माती लिंपून केलेले नवे शिल्प दाखवतो, तेव्हाही लिओनार्ड हादरतो, पण कोणाला काही सांगत नाही.

वॉल्टर खुनी आहे, आणि त्याची दया येत असली तरी त्याचा अपराध चित्रपट कुठेही झाकत नाही. तरीही कलेच्या नावाने शोषण म्हणजे काय, हे मला वॉल्टरपेक्षा लिओनार्डमध्ये जास्त स्पष्ट दिसते. वॉल्टरला कौतुक हवे आहे. टेबले पुसताना ज्या लोकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही त्यांनी आपल्याला ‘कलावंत’ म्हणावे, एवढीच त्याची भूक आहे, आणि ती भूक ब्रॉकच्या कवितेने चेतवली आहे. लिओनार्डला तसली भूक नाही. त्याला सत्य ठाऊक आहे, अडाणीपणाची सबब त्याच्याकडे नाही, आणि वॉल्टरला थांबवता येईल असा एकुलता एक माणूस तोच आहे. त्यानंतर मेलेल्या प्रत्येक माणसाच्या हिशोबात त्याच्या गप्प बसण्याचा वाटा आहे.

आमच्या गटात लिओनार्ड करणारे काका राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षे उभे राहिलेले नट आहेत. मी त्यांना टवक्याचा शॉट समजावून सांगत होतो, तेव्हा त्यांनी थांबवून विचारले, “अरे, याला आधी भीती वाटते की आधी हिशोब सुचतो?” मी म्हणालो, “काका, आधी भीती. हिशोब ग्राहकाने रक्कम बोलल्यावर.” त्यावर ते म्हणाले, “मग मला दोघांच्या मध्ये जागा दे. तिथे कापू नकोस.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. मूळ चित्रपटात हे दोन क्षण वेगवेगळ्या वेळी येतात, आम्ही सरावासाठी ते एकाच खोलीत, एकाच अखंड शॉटमध्ये आणले आहेत: हातात टवका, टेबलावर फोन, दारात ग्राहक. काकांनी टवका मुठीत धरला, अंगठ्याने त्यातली लव चाचपली, ग्राहकाची रक्कम ऐकली आणि मूठ हळूच कोटाच्या खिशात नेली. फोनकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. पोटात खड्डा पडावा असा तो क्षण झाला आहे. ग्राहकाच्या बाजूचे शॉट अजून घ्यायचे आहेत, म्हणून हा प्रसंग निम्मा म्हणतो.

माती निघण्याचा हा दुवा चित्रपटात दुसऱ्यांदा येतो, आणि माझ्या दृष्टीने पटकथेचे कसब त्यात आहे. वॉल्टरच्या प्रदर्शनात कार्ला शिल्पे पाहत फिरते आणि ॲलिस या मॉडेलच्या शिल्पाच्या बोटावरची माती निघून खालचे खरे बोट दिसते. लिओनार्डला दिसले तेच तिला दिसते, पण ती खिशात हात घालत नाही, थेट वॉल्टरला विचारते, आणि तिथून शेवटचा पाठलाग सुरू होतो. तोच पुरावा दोन माणसांसमोर ठेवून ग्रिफिथ यांनी दोघांची किंमत ठरवली आहे. त्यामुळे आमच्या टवक्याचा आणि बोटाचा क्लोजअप एकाच भिंगाने, तेवढ्याच अंतरावरून आणि त्याच बाजूच्या प्रकाशात घ्यायचा, असे ठरले आहे. बोटाचा प्रसंग आमच्या तीन प्रसंगांत नव्हता. हा एक शॉट मात्र वाढवतो आहोत.

शेवटचे दृश्य सर्वांत अवघड जाणार. पाठलागानंतर वॉल्टर घरी येतो, स्वतःलाच शिल्प करून लटकतो, आणि दार फोडून आलेली मंडळी ते पाहत असताना ब्रॉक त्यालाही कलाकृतीचे नाव देतो. मिलर यांच्या सांगण्यानुसार त्यांच्या अंगावर प्लास्टर लिंपायचे होते, पण वेळ उरला नाही आणि तोंडाला करडा रंग फासून शॉट उरकला. आम्हाला ते दृश्य मातीसह करायचे आहे. ओल्या शाडूचा थर चेहऱ्यावर घेणे नटाला त्रासाचे असते आणि तो घसरतो, म्हणून मुलतानी मातीत थोडी राख कालवून पातळ लेप केला. आधी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिला. सुकताना कातडी ओढली जाते आणि बोट हलवले की लगेच भेगा पडतात. नट निश्चल राहणार असल्याने भेगा अडचणीच्या नाहीत. डोळ्यांच्या कडा आणि नाकपुड्या मात्र मोकळ्या सोडून तिथे नुसती करडी रंगभूषा करावी लागेल. लटकण्याचा शॉट कोणीही मानेभोवती दोर अडकवून घेऊ नये, हे नव्या मंडळींसाठी ठामपणे लिहितो. नट स्टुलावर उभा राहील, चौकट छातीच्या वर कापली जाईल आणि दोर मानेला न लागता मागून उभा टांगला जाईल.

संगीतासाठी गटातल्या एका मुलीने चेलो नसल्याने व्हायोलिनच्या खालच्या तारेवर लांब, खरखरीत सूर ध्वनिमुद्रित केले आहेत. ते मांजराच्या प्रसंगात चपखल बसले. लिओनार्डच्या प्रसंगात मी संगीत ठेवलेले नाही. तिथे फक्त बाहेर टेबलावर कप ठेवल्याचे आवाज आहेत आणि त्यांची पातळी अजून जुळवायची आहे, कारण काकांच्या खिशात मूठ जाताना कापडाची जी सळसळ येते ती कपांच्या आवाजात हरवते आहे. तो आवाज वेगळा मुद्रित करून लावावा की खोलीतलाच उचलून वाढवावा, यावर ज्यांनी असे काम केले असेल त्यांनी जरूर कळवावे.