टूमर्स कॉर्नरच्या तारा

मंगळवार, ७ जानेवारी २०१४. ऑबर्न, अलाबामा.

काल रात्री पॅसाडिनात, अमेरिकन फुटबॉलच्या विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, हरलो. फ्लोरिडा स्टेट ३४, आपण, म्हणजे ऑबर्न विद्यापीठ, ३१. एकदा तर २१-३ अशी आघाडी होती. अवघे १३ सेकंद उरलेले असताना त्यांच्या जेमिस विन्स्टनने फेकलेला चेंडू केल्विन बेंजामिनने झेलला आणि संपलं. रात्रभर डोळा लागला नाही.

‘आपण’ असं सहज लिहून गेलो. इथे शिकायला आलो तेव्हा या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या वर्षी, २०१२ मध्ये, संघ बारापैकी नऊ सामने हरला होता. मग गस माल्झान प्रशिक्षक म्हणून आले आणि हा हंगाम घडला.

डोक्यातून जात नाही तो ३० नोव्हेंबर. समोर अव्वल क्रमांकाचा, आपला कट्टर प्रतिस्पर्धी अलाबामा विद्यापीठाचा संघ, गुण २८-२८. वेळ संपली असं वाटत असताना पंचांनी एक सेकंद परत दिला. अलाबामाने ५७ यार्डांवरून किक मारली; चेंडू खांबांमधून गेला असता तर ते जिंकले असते. ती कमी पडली. मागे खांबांखाली आपला क्रिस डेव्हिस उभा होता. त्याने चेंडू झेलला आणि डावीकडच्या रेषेने सुटला. अलाबामाचे बहुतेक गडी किकरला आडोसा द्यायला उभे केलेले, धिप्पाड, जड. कबड्डीत चढाईपटू कोंडाळ्यातून निसटावा तसा तो निसटला, थेट शंभर यार्डांपार, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. त्याचे सहा गुण, ३४-२८! लॅबमधल्या मित्राने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

तिथून सगळे गावातल्या टूमर्स कॉर्नर या चौकात. जिंकलं की तिथल्या दोन जुन्या ओक झाडांवर कागदाचे रोल भिरकवायची इथली रीत. २०१० मध्ये अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांना विष घातलं, आणि गेल्या एप्रिलमध्ये ती तोडावी लागली. किती द्वेष असावा माणसात! आता त्या जागी तारा ताणल्या होत्या. लोक तारांवर रोल फेकत होते, म्हातारी माणसंसुद्धा. मित्र लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून फेकायचा म्हणे. तो मान वर करून नुसता बघत राहिला. मग रडला. मीही.

आत्ता आईचा फोन आला होता. “जिंकलात का रे?” हरलो म्हणालो, आणि पुन्हा क्रिस डेव्हिसची धाव सांगत बसलो. ती दर वेळी पूर्ण ऐकते.